पाकिटामागची बारीक अक्षरे



नाताळात आपण आमच्या मुलांसाठी पाठवलेली खाऊची पार्सले मिळाली. मुलांना फार आनंद झाला. त्यांची आभारपत्रे या अंकात दुसरीकडे आहेतच. मी मात्र आज त्याच खाऊबद्दल वेगळे काही लिहिणार आहे. कोणाला दोष द्यावा म्हणून नव्हे. चूक झाली ती आमची, म्हणजे स्वयंपाकघराची आणि दवाखान्याची, आणि दवाखाना माझ्याकडे आहे.

नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतील आर्कान्सा राज्यातून एक जोडपे सेवेसाठी सहा आठवडे आपल्या वसतिगृहात आले. बाई निवृत्त शिक्षिका. मुले त्यांना पहिल्याच दिवसापासून 'आजी' म्हणू लागली, म्हणून मीही तसेच म्हणते. येण्यापूर्वी महिनाभर त्यांचे पत्र आले होते : 'मला सस्तन प्राण्यांच्या मांसाची अॅलर्जी आहे. बकरा, डुक्कर, गाय, म्हैस, ससा काहीच चालत नाही. कोंबडी, अंडी, मासे चालतात.' वाचून मला हायसे वाटले. सातपुड्यात आमच्याकडे रोजचे जेवण म्हणजे ज्वारीची नाही तर मक्याची भाकरी, उडदाची डाळ, पालेभाजी. मटण सणावारीच. मावशींना सांगितले, आजींसाठी कोंबडी करा, मटणाचा डाव तिकडे लावू नका. झाले काम, असे मला वाटले.

डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी दुपारची उपासना झाल्यावर एक परदेशी पार्सल उघडले. त्यात अस्वलाच्या आकाराच्या रंगीत जेलीच्या गोळ्या होत्या. प्रत्येक मुलाला चार-पाच मिळाल्या आणि प्रत्येकाला त्यातली एक आजींना द्यायची होती. लहान मुलाने तळहातावर धरलेली गोळी कोण नाकारणार? संध्याकाळी पाचच्या सुमारास आजींनी मूठभर तरी खाल्ल्या असतील. रात्री दहाला त्यांच्या तळहातांना आणि तळपायांना खाज सुटली. अर्ध्या तासात अंगभर गांधी उठल्या, पोटात मुरडा आला, उलट्या झाल्या, आणि मग त्या म्हणाल्या, गळा आवळतोय. त्यांच्या यजमानांनी पिशवीतून अॅड्रिनॅलिनचे पेन काढून मांडीत टोचले. मी दवाखान्यातली अॅम्प्यूल फोडून तयार ठेवली होती. दुसऱ्या डोसाची गरज पडली नाही, ही देवाची कृपा. तरीही जीप काढून घाट उतरून जिल्ह्याच्या ठिकाणी नेले आणि सकाळपर्यंत तिथे देखरेखीखाली ठेवले. अशा रुग्णाला बरे वाटले तरी काही तासांनी त्रास पुन्हा उलटू शकतो, म्हणून एवढी धावपळ.

जेवणात तर त्या दिवशी वरणभात आणि अंड्याची भाजी होती. मग हे झाले कशाने? दुसऱ्या दिवशी कचऱ्याच्या टोपलीतून जेलीचे पाकीट शोधून काढले. मागे बारीक अक्षरांत घटक पदार्थ छापलेले होते. साखर, ग्लुकोज सिरप, आणि तिसरे नाव जिलेटिन. जिलेटिन म्हणजे जनावरांचे कातडे आणि हाडे उकळून काढलेला पदार्थ, बहुधा डुकराचा किंवा गाईगुरांचा. आम्ही पातेल्यावर पहारा ठेवला आणि खाऊ मोकळा सोडला.

हा आजार काय आहे ते थोडे सांगते, कारण आपल्याकडे फार थोड्यांनी त्याचे नाव ऐकले असेल. त्याला अल्फा-गॅल सिंड्रोम म्हणतात. अल्फा-गॅल ही एक प्रकारची साखर आहे. बहुतेक सर्व सस्तन प्राण्यांच्या अंगात ती असते. माणसात, वानरांत आणि आपल्याकडे दिसणाऱ्या माकडांच्या जातींत मात्र ती नसते. पक्षी आणि मासे यांच्यातही नसते. म्हणून आजींना कोंबडी चालते. एरवी आपण मांस खातो तेव्हा ही साखर पोटात जाते आणि काही होत नाही. परंतु काही जणांना विशिष्ट जातीचा गोचीड चावला की शरीर त्या साखरेला शत्रू समजू लागते. पुढे ती अन्नातून आली की सगळी फौज तिच्यावर तुटून पडते, आणि त्या लढाईत माणूसच जायबंदी होतो.

हा शोध मोठ्या आडवाटेने लागला. कॅन्सरवर सेटुक्सिमॅब नावाचे औषध आहे. ते पहिल्यांदाच देताना अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या, म्हणजे टेनेसी, आर्कान्सा, नॉर्थ कॅरोलिना या राज्यांतल्या अनेक रुग्णांना तीव्र अॅलर्जी होई. इतर भागांत तसे क्वचितच होई. व्हर्जिनिया विद्यापीठाचे डॉ. थॉमस प्लॅट्स-मिल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवून दिले की त्या रुग्णांच्या रक्तात अल्फा-गॅलविरुद्धची प्रतिपिंडे आधीपासूनच होती, आणि औषधाच्या रेणूवर तीच साखर होती. मग त्याच राज्यांतली माणसे मटण-डुकराचे मांस खाल्ल्यावर मध्यरात्री गांधी उठून का जागी होतात, हेही कळू लागले. तिकडे ऑस्ट्रेलियात सिडनीच्या डॉ. शेरिल व्हॅन न्यूनन यांना आपल्या मांसाच्या अॅलर्जीच्या रुग्णांत गोचीड चावल्याचा इतिहास वारंवार आढळत होता. दोन्ही धागे जुळले. गंमत म्हणजे डॉ. प्लॅट्स-मिल्स यांना स्वतःलाच डोंगरात फिरताना गोचीड चावले आणि पुढे मटण खाल्ल्यावर त्यांच्याही अंगावर गांधी आल्या. अमेरिकेत हा गोचीड 'लोन स्टार' म्हणून ओळखला जातो. त्याच्या मादीच्या पाठीवर पांढरा ठिपका असतो. तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने २०२३ मध्ये सांगितले की २०१० ते २०२२ या काळात १,१०,००० हून अधिक संशयित रुग्ण आढळले, आणि प्रत्यक्षात साडेचार लाखांपर्यंत लोकांना हा त्रास असू शकेल. त्याच वेळी पाहणी केलेल्या डॉक्टर-परिचारिकांपैकी ४२ टक्क्यांनी या आजाराचे नावही ऐकले नव्हते. मग मी ऐकले नव्हते याची लाज किती वाटून घ्यावी?

शेंगदाण्याची किंवा कोळंबीची अॅलर्जी असेल तर खाल्ल्यावर थोड्याच वेळात कळते. इथे दोन ते सहा तास जातात. ही साखर चरबीबरोबर हळूहळू रक्तात उतरते म्हणून उशीर होत असावा, असे शास्त्रज्ञांना वाटते. चरबीचे मांस आणि काळीज-गुर्दा अधिक त्रास देतात. परंतु या उशिरामुळे कोणालाही पाच वाजताची जेली आणि दहा वाजताची खाज यांचा संबंध सुचत नाही. आजी म्हणाल्या, त्यांना स्वतःला निदान व्हायला तीन वर्षे लागली. तोवर सगळे अपचन म्हणून सोडा देत होते.

आता मुख्य गोष्टीकडे येते. पाकीट कसे वाचायचे?

आपल्या देशात यात एक मोठी सोय आहे, आणि आजींना तिचे फार कौतुक वाटले. पाकिटावर हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका असेल तर त्यात मांस, जिलेटिन, चरबी, अंडे यांपैकी काही नसते, असा कायदाच आहे. अमेरिकेत असे सक्तीचे चिन्ह नाही. तिथे अॅलर्जीकारक म्हणून ठळक सांगावे लागते ते फक्त नऊ पदार्थांबद्दल : दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकडे, काजू-बदामासारखा सुकामेवा, शेंगदाणा, गहू, सोयाबीन आणि २०२३ पासून तीळ. मांस त्या यादीत नाही. आपल्याकडच्या अॅलर्जीच्या यादीतही नाही. म्हणून 'अॅलर्जीची सूचना' या चौकटीत काही लिहिलेले नाही यावरून पाकीट निर्धोक आहे असे समजू नये. ती चौकट आजींसारख्यांसाठी नाहीच.

हिरव्या ठिपक्याला मात्र एक दार उघडे आहे, ते दुधाचे. आपल्या कायद्यात दूध, तूप, लोणी, चीज, मध हे शाकाहारीच. गाय-म्हैस सस्तन आहेत, तेव्हा दुधातही ती साखर थोडी असते. या आजाराच्या पुष्कळ लोकांना दूध चालते, काहींना नाही. आजींना चहातले दूध चालते, पण आइस्क्रीम आणि जास्त साय चालत नाही. ज्यांना दूधही चालत नाही त्यांनी घटकांत 'मिल्क सॉलिड्स', 'व्हे', 'केसीन', 'लॅक्टोज' ही नावे शोधावीत. वेफर्सच्या मसाल्यात, बिस्किटात, झटपट सूपच्या पुडीत ती हमखास भेटतात. त्यांच्यासाठी २०२२ पासून हिरव्या 'व्ही'चे व्हीगन चिन्हही आले आहे. त्यात दूधही नसते.

तपकिरी चिन्ह असेल तेव्हा खरी परीक्षा. (आता ते तपकिरी चौकटीत त्रिकोणाच्या आकाराचे असते, जुन्या पाकिटांवर तपकिरी ठिपका दिसेल.) ते एवढेच सांगते की आत मांसाहारी काहीतरी आहे. अंडे, मासा, कोंबडी, डुक्कर, सगळ्यांना एकच त्रिकोण. अंडे घातलेला साधा केक आजींना चालतो आणि जिलेटिनचे पुडिंग चालत नाही, पण दोन्हींवर चिन्ह तेच. म्हणून तपकिरी दिसले की उलटून घटक वाचलेच पाहिजेत. आपल्या नियमांप्रमाणे जिलेटिन असेल तर ते प्राणिजन्य असल्याचे लिहावे लागते, आणि डुकराची किंवा गाईगुरांची चरबी असेल तर नुसते 'चरबी' न लिहिता नाव घेऊन सांगावे लागते. एवढे तरी मिळते.

मावशींनी आणि मी मिळून एक वही केली. त्यात आजींनी सांगितलेली आणि आम्ही पाकिटांवर शोधलेली नावे लिहिली. जिलेटिन सर्वांत वर. ते जेलीच्या गोळ्यांत, मार्शमॅलोत, काही दह्यांत आणि पुडिंगांत असते. मग 'लार्ड' म्हणजे डुकराची चरबी, 'टॅलो' आणि 'सूएट' म्हणजे गाईगुरांची-मेंढ्यांची. परदेशी बिस्किटे, पेस्ट्री, डब्यातला राजमा, नूडल्स यांत ती सापडते. 'ब्रॉथ', 'स्टॉक', 'बुयाँ' म्हणजे मांसाचा अर्क. कशाचा ते पुढे पाहावे. 'कोलॅजन' आजकाल सौंदर्याच्या पुड्यांत विकतात, तेही कातड्याहाडांचेच. 'रेनेट' वासराच्या पोटातून येते आणि चीज करायला वापरतात. हिरव्या ठिपक्याच्या चीजमध्ये ते नसते.

क्रमांक असतात तिथे डोके अधिक चालवावे लागते. ४७१ हा पायसकारक चरबीपासून करतात. ती वनस्पतीची असेल, जनावराचीही असेल. ४२२ म्हणजे ग्लिसरीन, त्याचेही तसेच. ६३१ चव वाढवायला घालतात. तो आंबवून करता येतो, तसाच मांस-मासळीपासूनही. पाकिटावर हिरवा ठिपका असेल तर हे क्रमांक पाहून घाबरू नये, कारण मग ते जनावराचे असू शकत नाहीत. तपकिरी असेल किंवा चिन्हच नसेल, तर कंपनीला विचारल्याशिवाय कळत नाही. ४०७ मात्र वेगळा. तो कॅराजीनन, समुद्री शेवाळापासून काढलेला. हिरवा ठिपका, व्हीगन, सगळ्यांत बसतो, आणि तरीही या आजाराच्या काही लोकांना त्याचा त्रास होतो. त्याच्या रचनेत तीच साखर आहे. चॉकलेट दुधात, आइस्क्रीममध्ये तो दाटपणासाठी घालतात. उलट १२० आणि ९०४ हे किड्यांपासून येतात. इतर कोणाचे पथ्य असेल, या आजाराला त्यांचे काही नाही.

'नॅचरल फ्लेवर' या दोन शब्दांवर आजींचा फार राग आहे. अमेरिकेत त्याखाली मांसापासून काढलेली चवही येऊ शकते आणि वेगळे सांगावे लागेलच असे नाही. 'हलाल' छाप पाहूनही काही जण निर्धास्त होतात. हलाल म्हणजे डुक्कर नाही, एवढेच. जिलेटिन गाईगुरांचे असेल तर आजींना दोन्ही सारखेच. आणि 'चिकन सॉसेज' लिहिलेले असले तरी वरची पातळ आवरणी डुकराच्या किंवा मेंढीच्या आतड्याची असू शकते. गोव्याकडच्या आमच्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको.

पाकिटात नसलेलेही पाहावे लागते. बाजारातून कोंबडी आणली ती ज्या ठोकळ्यावर कापली, त्यावर आधी बोकड कापला होता का? मटण तळलेल्या तेलात कटलेट तळले का? नाताळच्या प्रीतिभोजनाला मावशींनी आजींचे जेवण सकाळीच, वेगळ्या पातेल्यात करून झाकून ठेवले, वर डाव बांधून. पाड्यावरच्या एका घरी तर त्यांच्यासाठी बोकड कापायचे ठरले होते. नाही म्हणणे किती कठीण! आमच्या पाड्यावरच्या भाऊंनी पावरी बोलीत समजावले की आजींना गोचीड चावला आणि तेव्हापासून बोकड सोसत नाही. सगळ्यांना ते लगेच पटले. गोचीड काय करतो ते गुरे राखणाऱ्यांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक. गावठी कोंबडा कापला आणि बोकड वाचला.

औषधांची गोष्ट अन्नाहून निकडीची आहे, म्हणून आमच्या मंडळ्यांतील डॉक्टर-नर्स भगिनींसाठी लिहिते. औषधांच्या पाकिटावर हिरवे-तपकिरी चिन्ह नसते. कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे असते; शक्य तिथे गोळी किंवा पातळ औषध द्यावे. काही लसींत जिलेटिन असते. हेपॅरिन डुकराच्या आतड्यापासून काढतात. आणि आपल्या डोंगरात सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही सापांवर आपण जी प्रतिविषाची लस देतो ती घोड्याच्या रक्तापासून तयार होते, आणि घोडा सस्तन आहे. ही अॅलर्जी असलेल्याला विषारी साप चावला तर प्रतिविष टाळायचे नाही, जीव त्यानेच वाचेल. पण डॉक्टरांना आधी सांगायचे, म्हणजे अॅड्रिनॅलिन हाताशी ठेवून ते देतील. आजींच्या गळ्यात तशी इंग्रजी पट्टी असते. आम्ही तिच्यासोबत मराठीत लिहिलेला एक कागद जोडला.

तसेच, श्वास अडत असेल, चक्कर येत असेल, तर खाजेची गोळी देऊन वाट पाहत बसू नये. अॅड्रिनॅलिनच पहिले. मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम मांडीच्या बाहेरील स्नायूत; चक्कर येत असेल तर रुग्णाला आडवे करून पाय उंच ठेवून, श्वास अडत असेल तर बसू देऊन. आणि मग गाडी.

काही वाचकांना प्रश्न पडेल, आमच्या मुलांना हा आजार होईल का? मुले शेळ्यांमागे रानात जातात, अंगावर गोचीड घेऊन येतात. गोचीड चावलेल्या बहुतेकांना अशी अॅलर्जी होत नाही. पण गोचीड निरुपद्रवी नव्हे. सिंधुदुर्गात आणि गोव्यात माकडताप त्याच्यामार्फतच पसरतो. म्हणून शनिवारच्या अंघोळीला काखा, कानामागे, कमरेचा दोरा पाहायची सवय आम्ही लावली आहे. रॉकेल, तेल, पेटती काडी यांनी गोचीड काढायचा नाही. बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायचा आणि जागा साबणाने धुवायची. घरून येताना मुले काडीचीच सवय घेऊन येतात. ती मोडायला वेळ लागतो.

आपल्याला एवढीच विनंती की पुढच्या पार्सलात खाऊ जरूर पाठवा, पण मूळ पाकिटासकट पाठवा. सुंदर दिसावे म्हणून रंगीत कागदात सुटा बांधला की मागची अक्षरे जातात, आणि मग आम्हाला तो मुलांना द्यावा की नाही हे ठरवता येत नाही. आजींचे सोडा, वसतिगृहात एका मुलीला शेंगदाणा चालत नाही आणि एका मुलाला अंडे. परदेशातून पाठवत असाल तर जेलीच्या आणि मार्शमॅलोच्या ऐवजी फळांच्या सालीतल्या पेक्टिनवर केलेली गोळी निवडता आली तर पाहा. पाकिटावर 'पेक्टिन' लिहिलेले असते. इथून पाठवत असाल तर राजगिऱ्याची वडी आणि खजूर मुलांना तितकेच आवडतात.

ज्या मुलाने आजींना पहिली गोळी दिली तो सातवीत आहे. त्या रात्रीनंतर दोन दिवस तो जेवला नाही. आजी परत आल्या त्या थेट त्याच्या खोलीवर गेल्या आणि त्याच्याकडून आणखी एक गोष्ट मागितली : दुकानातून येणारे प्रत्येक पाकीट त्याने त्यांना वाचून दाखवायचे. उरलेले दोन आठवडे तो संध्याकाळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून इंग्रजी अक्षरे जुळवीत 'मोनो-डाय-ग्लिसराइड' वाचत होता. आजी पुढच्या नोव्हेंबरमध्ये पुन्हा येणार आहेत. वही मावशींच्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी ठेवली आहे. तिच्यात भर घालायची असेल तर कळवा.